दाराशी आलेले दोघे

शंकेखोर : मॉर्मन मिशनऱ्यांच्या आठवड्यातला मला खरा वाटतो तो एकच दिवस, सोमवार. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत प्रचाराला सुट्टी. बादलीत कपडे भिजवायचे, पांढऱ्या शर्टांच्या कॉलरी ब्रशने खसाखसा घासायच्या, आठवड्याचा बाजार आणायचा, घरी पत्र लिहायचं. एकोणीस वर्षांचं पोरगं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतःचे कपडे हाताने धुतंय. मला त्यात माणूस दिसतो. मग पुन्हा छातीवर ती काळी पट्टी, पट्टीवर ‘एल्डर’ आणि आडनाव, खाली चर्चचं नाव, शेजारी तसाच दुसरा एक, आणि दोघं मिळून परक्या देशातल्या लोकांची दारं वाजवत हिंडणार. तुम्ही याला सेवा म्हणता. मला ही दारोदारची विक्री वाटते. फिरता विक्रेता निदान वस्तू तरी हातात ठेवतो.

कैवारी : विक्रेत्याला कमिशन मिळतं हो. याला काय मिळतं? अमेरिकेतून गेलेल्या मुलाच्या घरून दरमहा पैसे भरले जातात. कित्येक वर्षं चारशे डॉलर होते, २०२० पासून पाचशे. मुलांनी दोन वर्षं द्यायची, मुलींनी दीड. कुठे जायचं हे आपण ठरवायचं नाही. सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातून कळवतील तिकडे: तैवान, घाना, ब्राझील, नाहीतर घरापासून चार तासांवरचं एखादं गाव. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. प्रेमप्रकरण नाही, सिनेमा नाही. जोडीदाराला सोडून एकट्याने कुठे जायचं नाही, आणि जोडीदारही आपण निवडायचा नाही. २०१९ पर्यंत घरच्यांशी फोनवर बोलायचं ते वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला बोलता येतं. पण बाकीची चौकट तीच. असा विक्रेता कुठल्या कंपनीला मिळाला आहे?

शंकेखोर : प्रत्येक कंपनीला स्वप्नात हाच दिसतो! फुकट राबणारा, वर स्वतःचा खर्च भरणारा, आणि बदलीबद्दल चकार शब्द न काढणारा. तुम्ही सांगितलंत त्याने माझी विक्रीची उपमा पडत नाही, पक्कीच होते. आणि पैशाचा विषय तुम्ही काढलात म्हणून बोलतो. या चर्चची गुंतवणूक अब्जावधी डॉलरची आहे. ती नीट जाहीर केली नाही म्हणून अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाने २०२३ मध्ये चर्चला आणि त्याच्या गुंतवणूक-संस्थेला मिळून पन्नास लाख डॉलर दंड केला. एवढा खजिना असलेल्या संस्थेने एका शेतकऱ्याच्या घरातून महिन्याला पाचशे डॉलर घ्यायचे, आणि त्याला त्याग म्हणायचं?

कैवारी : खजिन्याची बाजू मी लढवणार नाही. दंड झाला तो रास्तच झाला. पण त्या पैशामागचा हिशेब पाहा. मुलगा टोकियोत असो की सेबूत, त्याच्या घरून जाणारी रक्कम तीच. गरीब देशांतल्या मुलांनी त्यांना झेपेल तेवढं भरायचं, उरलेलं सामायिक निधीतून. आणि भरणं हे मुद्दाम ठेवलेलं आहे. घरून पैसे येतात म्हटल्यावर मुलगा दुपारी झोपून राहायला लाजतो. तुम्हाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपल्याकडे ‘पूर्णवेळ’ म्हटलं की अर्थ सांगावा लागत नाही. सेवादलाचा, संघाचा, लाल बावट्याचा, रंग कुठलाही घ्या. कुणाच्या तरी घरी जेवायचं, मिळेल तिथे पथारी टाकायची, नोकरी-लग्न पुढे ढकलायचं, आणि ज्या गावाचं नाव कधी ऐकलं नाही तिथे जाऊन बैठक घ्यायची. अशा माणसांवर आपण गौरवग्रंथ काढले. मग या गोऱ्या पोरानेच काय घोडं मारलं?

शंकेखोर : आपला पूर्णवेळ कार्यकर्ता बहुतेक वेळा घरच्यांशी भांडून घराबाहेर पडायचा. बाप म्हणायचा, वाया गेला. हा मुलगा घरच्यांना खूश करायला बाहेर पडतो. फरक इथे आहे. या चर्चचा बालेकिल्ला असलेल्या यूटातल्या एखाद्या गावात अठरा वर्षांच्या पोराला ‘तू जाणार का?’ असं कुणी विचारत नाही, ‘कधी निघतोस?’ असं विचारतात. मुलींना तरी ऐच्छिक आहे; मुलांना ते कर्तव्य म्हणूनच शिकवलेलं असतं, अगदी बालवर्गापासून. न जाणाऱ्याला लग्नाच्या बाजारात कमी भाव. सहा महिन्यांत परत आलेल्याकडे लोक कसे बघतात, हे परत आलेल्यांनीच लिहून ठेवलंय. तुम्ही त्याच्या सेवेची किंमत सांगता. त्याने ती सेवा नाकारली असती तर त्याला काय किंमत पडली असती, हे आधी सांगा.

कैवारी : प्रश्न चांगला आहे. तो बाजूला ठेवू नका, मला त्याच्याकडे परत यायचं आहे. पण आधी आठवडा तर पाहू. तुम्ही सोमवार पाहिलात आणि मग थेट निवाड्यावर आलात. समजा, हा मुलगा फिलिपिन्सच्या लेते बेटावर आहे. यूटातल्या प्रॉव्होच्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवड्यांत घोटलेली भाषा इथे आल्यावर निम्मी निरुपयोगी ठरते, कारण शिकवली तागालोग आणि गावातली माणसं आपसात बोलतात वाराय. जोडीदार फिलिपिनोच, समजा मिंदनाव बेटावरचा. हा अमेरिकन पोरगा पहिले कित्येक आठवडे नुसता हसतो आणि मान डोलावतो. एक दिवस कुणाच्या तरी छपराचे पत्रे चढवायचे. एक दिवस चिखलात उतरून भाताची रोपं लावायची. वाकून कंबर मोडते, आणि शेजारी सत्तरीची बाई त्याच्या तिप्पट वेगाने ओळ पुरी करून मागे वळून हसते. दुपारी उन्हात चालत जाऊन ज्यांनी ‘या’ म्हटलं होतं ती माणसं घरी नसतात. कुणी कॉफी पुढे करतं. ती घ्यायची नाही, आणि न घेणं म्हणजे अपमान. मग बाई उठून मायलो, म्हणजे चॉकलेटचं पेय, कालवते. रात्री दिवसाची वही भरायची. याला तुम्ही विक्रीचं शिक्षण म्हणा. पण रोज वीस दारांवर नकार घेऊन एकविसाव्या दारावर हसत उभं राहायला शिकणं, हे मला एरवीच्या कुठल्याही कॉलेजात दिसलेलं नाही. पुढे अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या मिट रॉम्नीने १९६६ ते ६८ या काळात फ्रान्समध्ये तीस महिने काढले. कॅथलिक, त्यातून वाइन पिणारा देश, आणि हा सांगणार वाइन सोडा! यश यथातथाच. पण माणूस घडला असेल तर त्या नकारांत.

शंकेखोर : रॉम्नीचं नाव तुम्ही घेतलंत हे बरं झालं. ते तीस महिने व्हिएतनाम युद्धाच्या ऐन भरातले. मिशनरी धर्मसेवक धरला जाई, आणि म्हणून त्याला सक्तीच्या लष्करभरतीतून तेवढ्यापुरती सूट मिळे. त्याच्या वयाची बाकीची पोरं कुठे घडत होती हे वेगळं सांगायला नको. तर घडण्याची गोष्ट राहू द्या. माणूस घडवायला दुसऱ्याचं घर वापरायचं का, हा प्रश्न आहे. आणि तुमच्या आठवड्यात तुम्ही रविवार वगळलात. रविवारी संध्याकाळी आकडे वर जातात. किती जणांना शिकवलं, उपासनेला किती आले, किती जणांनी बाप्तिस्म्याची तारीख ठरवली. जिल्हाप्रमुख, विभागप्रमुख, मिशनचा अध्यक्ष, अशी चढती उतरंड. हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा आणि मग विक्री हा शब्द मागे घ्या. १९६० च्या आसपास इंग्लंडमध्ये काय झालं तुम्हाला माहीत असेल. बेसबॉल शिकवायच्या निमित्ताने शाळकरी पोरं गोळा केली आणि खेळाबरोबर बाप्तिस्मेही उरकले. बेसबॉल-बाप्तिस्मे म्हणून ते प्रकरण चर्चच्याच इतिहासात बदनाम आहे. पोरांना वाटलं क्लबचं सभासदत्व आहे. त्यांतली कितीतरी नावं पुढे पटावरून काढावी लागली.

कैवारी : ती बदनामी चर्चमधल्या लोकांनीच लिहिली, हे सांगायचं राहिलं तुमचं. आणि आकड्यांचा हव्यास हा आजार आहे, मान्य. पहिल्या-दुसऱ्या भेटीतच बाप्तिस्म्याचं आमंत्रण द्या, असा दट्ट्या अनेक ठिकाणी होता. पुढे तो सैल करावा लागला. पण तुमच्या बोलण्याच्या मुळाशी एक गृहीत आहे, ते मला खटकतं. धर्म बदलणारा माणूस हा फसवलेलाच असतो, असं तुम्ही धरून चालता. तुम्ही शहाणे, मिशनरी शिकारी, आणि तो पक्षी. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, त्यांना कुणी फसवलं होतं? आपल्या डोक्याने आपली जुनी चौकट मोडणाऱ्या माणसाचा मान महाराष्ट्राने तरी राखायला हवा. लेतेतल्या कोळ्याच्या बायकोला तेवढं डोकं नाही, असं म्हणणार आहात?

शंकेखोर : नागपूरचं उदाहरण देऊन तुम्ही माझं काम सोपं केलंत. धर्मांतराची येवल्याची घोषणा ऑक्टोबर १९३५ ची. दीक्षा एकवीस वर्षांनी. मधल्या काळात बाबासाहेबांनी शीख, ख्रिस्ती, इस्लाम सगळं तपासलं, भाषणं झाली, लोकांनी गावोगाव वाद घातले. एका समाजाने दोन दशकं विचार केला आणि मग एकत्र पाऊल टाकलं. मागे कुणी एकटं राहिलं नाही. आणि तिथे बाहेरून येऊन दार वाजवणारा कुणी नव्हता. आता तुमची लेतेतली बाई घ्या. दोन हसरी पोरं आली, काही आठवडे आली, पत्रे चढवून गेली. तिने पाण्यात बुडी घेतली. सहा-सात आठवड्यांनी त्यातल्या एकाची बदली झाली, आणखी काही महिन्यांत दुसऱ्याची. ती तिथेच आहे. ती कुठे आहे, ते जरा जवळून बघू. तिचा सगळा गोतावळा कॅथलिक. मुलांचे निनोंग-निनांग म्हणजे धर्ममातापिता, ते कॅथलिक. मूल आजारी पडलं, शाळेची फी भरायची झाली, तर पहिला हात याच नात्याकडे पसरायचा. लेतेतल्या ताक्लोबान शहरात तीस जूनला सांतो निन्योची, म्हणजे बाळयेशूची जत्रा. त्या दिवशी कुणाच्या घरी डुकराचं मांस शिजतं आणि कुणाच्या अंगणात पंगत बसते, त्यावर वर्षभराचे संबंध ठरतात. मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची नाही म्हटल्यावर ती त्या पंगतीत बसणार कशी? दारू गेली ते चांगलंच झालं म्हणू. पण कॉफीही गेली, म्हणजे शेजारणीच्या पायरीवरची सकाळ गेली. उत्पन्नाचा दहावा हिस्सा दशांश म्हणून गेला. आणि आणखी एक. त्या देशात मुस्लिमांखेरीज कुणाला घटस्फोटाचा कायदाच नाही. समजा, तिच्यासारख्याच दुसऱ्या एखादीचा पहिला नवरा मनिलाला पळाला, ही दुसऱ्याबरोबर राहते, दोन पोरं आहेत. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांना हे चर्च बाप्तिस्मा देत नाही, आणि ही लग्न करू शकत नाही. विवाह रद्द करून घ्यायला वकील लागतो, वर्षं लागतात, पैसा लागतो. तुमच्या एकोणीस वर्षांच्या पोराने तिच्या घरात हा प्रश्न उभा केला, वहीत तिच्या नावापुढे खूण केली आणि तो दुसऱ्या बेटावर गेला.

(इथे लिहिणाऱ्याने मध्येच तोंड घालायचं तर एवढंच: शंकेखोराची बाजू इथे सर्वांत भक्कम आहे, आणि नेमक्या इथेच तो त्या बाईला काहीही बोलू देत नाही.)

कैवारी : तिला तुम्ही फारच मुकी करून टाकलीत. ती काय सांगते ते ऐकायची माझी तयारी आहे. ती म्हणेल, माझा नवरा शनिवारी पगार घेऊन थेट घरी येतो, हे माझ्या आईच्या नशिबात नव्हतं. ती म्हणेल, मोठ्या चर्चमध्ये मी चाळीस वर्षं मागच्या बाकावर बसले आणि धर्मगुरूचं ऐकलं. इथे पगारी धर्मगुरूच नाही. बाजारात मासे विकणारा माणूस रविवारी मंडळीचा प्रमुख. मी पहिल्या महिन्यात व्यासपीठावर उभी राहून बोलले, पाय लटलट कापत होते. आज मी मुलांचा वर्ग घेते. दहावा हिस्सा देते खरी. पण वादळात घर गेलं तेव्हा तांदूळ कुठून आला तेही मला माहीत आहे. निनोंग रुसले, दोन वर्षांनी बोलायला लागले. तुम्ही तिच्या नुकसानीची यादी केलीत, ती खोटी नाही. पण तिच्या हातात पडलेल्या गोष्टी तुम्ही तिच्या ताटातून काढून घेतल्यात.

शंकेखोर : व्यासपीठावर बोलते, पण पौरोहित्याचा अधिकार तिला नाही, तो फक्त पुरुषांना. आणि काळ्या पुरुषांना तर तो १९७८ पर्यंत नव्हता. सॉल्ट लेक सिटीला साक्षात्कार झाला तेव्हा मिळाला. हे तिला कुणी पहिल्या भेटीत सांगितलं का? चर्च स्थापणाऱ्या जोसेफ स्मिथच्या बायका किती, त्याच्यामागून आलेल्या ब्रिगहम यंगच्या किती, १८९० मध्ये बहुपत्नीत्व सोडायची जाहीर घोषणा का करावी लागली, हे त्या हसऱ्या पोरांच्या धड्यांत कुठे येतं?

कैवारी : नाही येत. यायला हवं. पण मला असा एक धर्मप्रचारक दाखवा जो पहिल्या भेटीत आपल्या पूर्वजांची पापं वाचून दाखवतो. राजकीय पक्षाचा दाखवा, तेही चालेल.

शंकेखोर : म्हणूनच मला टिकून राहणाऱ्यांबद्दल जास्त आदर आहे. हे लोक आपल्याकडेही येऊन गेले, ते फारसं कुणाला ठाऊक नाही. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा त्यांचा मिशनरी मुंबईला उतरला, पुण्यात त्याने लहानशी मंडळीही जमवली, आणि काही वर्षांत सगळं आवरून गेले. मागे काही राहिलं नाही. त्यांच्या आधी १८१३ मध्ये आलेलं अमेरिकन मराठी मिशन मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. मराठी शिकले, छापखाना घातला, मुलींच्या शाळा काढल्या, नगर जिल्ह्यातल्या गावोगाव फिरले. त्यांच्याशी भांडायला निदान ते तिथे होते. ज्याने तुमचं आयुष्य बदललं तो माणूस पुढच्या वर्षीही गावात भेटणार असेल, तर त्याला जबाबदार धरता येतं. दोन वर्षांच्या पाहुण्याला कसं धरणार?

कैवारी : तुमचे ते टिकून राहिलेले मिशनरी काय घेऊन टिकले, तेही पाहा. शाळा त्यांच्या, दवाखाना त्यांचा, नोकरी त्यांच्या शब्दावर, आणि कलेक्टर त्यांच्याच धर्माचा. त्या माणसाला ‘नाही’ म्हणणाऱ्या महाराच्या पोराला काय पडत असेल? लेतेतल्या या मुलाच्या हातात काही नाही. नोकरी देऊ शकत नाही, व्हिसा देऊ शकत नाही, कर्ज देऊ शकत नाही. भाषा मोडकी, खिशात भाड्यापुरते पैसे. त्याच्या तोंडावर दार बंद केलं तर गावात कुणाचं काही बिघडत नाही. तुम्ही मघाशी विचारलंत, त्या मुलाला नकाराची किंमत काय पडली असती. तोच प्रश्न मी आता बाईच्या बाजूने विचारतो. तिला नकार स्वस्त होता. मिशनरी जितका दुबळा, तितका समोरच्याचा नकार स्वस्त. टिकून राहणाऱ्यांपेक्षा हा निघून जाणारा पोरगा, माझ्या दृष्टीने, कमी धोक्याचा.

शंकेखोर : हे पटलं. पूर्ण नाही, पण पटलं. फक्त ते रोज खरं नसतं. ८ नोव्हेंबर २०१३. ताक्लोबानवर योलांदा वादळ आलं, जगाने त्याला हैयान म्हटलं. समुद्र भिंतीसारखा आत आला. देशात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. तुमची मुलंही त्यात सापडली होती, सगळी सुखरूप निघाली, आणि काही दिवसांत त्यांना मनिलाला हलवलं. मी त्यांना पळपुटे म्हणत नाही. माझा मुलगा असता तर मीही आधी तेच केलं असतं. पण बघा, ज्याला निघायला विमान होतं तो निघाला. मग त्याच चर्चची उभी राहिलेली इमारत, बाजूचं बास्केटबॉलचं मैदान, तांदळाची पोती, ताडपत्र्या, सुतारकाम शिकवणारी माणसं. मदत धर्म न विचारता दिली, हे मला माहीत आहे. विचारायची गरजच काय? अंगावरच्या कपड्यानिशी उरलेल्या माणसाला कुठलं दार उघडं आहे ते दिसतं. वर्षभराने त्याच चर्चची माणसं बाप्तिस्म्याचं विचारायला आली, तेव्हा त्या बाईचा नकार किती स्वस्त होता?

कैवारी : नव्हता. स्वस्त नव्हता. पण उपाय काय, तांदूळ द्यायचाच नाही?

शंकेखोर : द्यायचा, आणि मग त्या गावात काही वर्षं धर्माबद्दल तोंड उघडायचं नाही. सोमनाथला बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी भरते, १९६७ पासून. मे महिन्याच्या उन्हात कॉलेजची पोरं कुदळ घेऊन उतरतात. संध्याकाळी गाणी म्हणतात, वाद घालतात, घरी जातात. कुणाच्याही वहीत कुणाच्या आत्म्याची नोंद होत नाही.

कैवारी : आठ दिवसांच्या छावणीची दोन वर्षांशी तुलना करता? आणि छावणीतल्या पोरांना बाबांनी काहीच दिलं नाही का? कुष्ठरोग्याबरोबर पंगतीला बसा, जातीचं काय ते दाराबाहेर ठेवून या, हा उपदेश नव्हता? ज्याला जगातली सर्वांत मोलाची गोष्ट सापडली असं मनापासून वाटतं, त्याने ती लपवून नुसते पत्रे चढवायचे, यात मला एक प्रकारचा अप्रामाणिकपणा दिसतो. तो पोरगा निदान छातीवर पट्टी लावून येतो. मी कोण आणि मला काय हवंय, हे दारातच कळतं. आपल्याकडे समाजसेवेच्या नावाखाली मनात वेगळंच ठेवून गावात शिरणारे कमी आहेत का?

शंकेखोर : पट्टीचा मुद्दा मी मान्य करतो. मग माझी कसोटी अशी मांडतो: सेवा खरी की प्रचार, हे देणाऱ्याचं मन तपासून कळणार नाही, तो प्रामाणिकच असतो. घेणाऱ्याला फारशी झळ न लागता नाही म्हणता आलं, तर ती सेवा. आणि हीच कसोटी त्या पोरालाही लावायची. त्याला घरी नाही म्हणता येत होतं का? यूटातल्या त्या घरात नकार महाग असेल, तर दारावर आलेला तो स्वतःच कुणाच्या तरी प्रचाराचा माल आहे.

कैवारी : लावा की. पण मग ती सगळ्यांना लावा. शाखेवर जाणाऱ्या पोराला लावा, बापाची फिरती दिंडी पुढे चालवणाऱ्या मुलाला लावा, इंजिनिअर व्हायचं म्हणून अकरावीला कोटाला पाठवलेल्याला लावा. कुणाचा नकार स्वस्त होता? अठराव्या वर्षी आईबापांच्या अपेक्षेशिवाय कुणी कुठे गेलंय? यूटातल्या मुलाला निदान परत आल्यावर, वीस-एकविसाव्या वर्षी, दुसऱ्या भाषेत स्वप्नं पडतात आणि गरिबी म्हणजे काय ते ठाऊक असतं. त्यातली कित्येक मुलं पुढे चर्च सोडतात, आणि सोडायचं बळ कुठून आलं विचारलं तर त्यांच्यातले काही मिशनची दोन वर्षंच दाखवतात. दारोदार प्रश्न ऐकून ऐकून एक दिवस प्रश्न त्यांच्याच अंगाला चिकटला. हे कुठल्या विक्री खात्याला परवडतं?

शंकेखोर : तुमचा नायक अजून गोराच आहे, हे लक्षात येतंय का तुमच्या?

कैवारी : मघाशी मी जोडीदार मिंदनावचा म्हटलं होतं, तुम्ही त्याच्याकडे पाहिलंच नाहीत. फिलिपिन्समध्ये या चर्चचं काम १९६१ मध्ये सुरू झालं. आज पटावर आठ लाखांवर नावं आहेत.

शंकेखोर : पटावरची नावं आणि रविवारी बाकावर बसलेली माणसं, यांत केवढी दरी असते ते चर्चचे अभ्यासकही सांगतात.

कैवारी : निम्मी धरा, त्याहून कमी धरा. तरी त्या देशात काम करणाऱ्या मिशनऱ्यांत आज मोठा भाग फिलिपिनो मुलामुलींचा आहे. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे परदेशी मुलांना घरी पाठवलं, तेव्हा तर चित्र आणखी स्पष्ट झालं. मिंदनावच्या त्या मुलाचं काय? त्याच्या वयाची गावची पोरं दुबईला नाहीतर जहाजावर जायची कागदपत्रं करताहेत. हा दोन वर्षं कमाई सोडून लेतेत सायकल मारतोय. परत जाईल तेव्हा इंग्रजी बोलेल, चारचौघांत उभा राहून बोलेल, वेळ पाळेल. शिक्षणासाठी चर्चचा कर्जनिधी आहे, २००१ मध्ये सुरू झालेला, तो नेमका अशांसाठी. अमेरिकन पोराला मिशन म्हणजे खाली उतरून बघणं असेल. याला ती वर चढायची शिडी आहे. तुमच्या कसोटीने यातला कोण स्वतंत्र?

शंकेखोर : शिडी म्हटलीत, म्हणजे नकार आणखी महाग झाला. अमेरिकन पोराने नाही म्हटलं तर आई रडेल. याने नाही म्हटलं तर शिडीच गेली. तुम्ही त्याच्या बाजूने बोलता आणि माझा मुद्दा भरत जाता.

कैवारी : आणि तुम्ही नकारावर एवढा जोर देता की होकाराला काही वजनच उरत नाही. महाग नकार आणि खरा होकार एकाच घरात नांदू शकतात. माझ्या आईने तिच्या लग्नाला दिलेला होकार तसलाच होता, आणि तो खोटा होता असं तिच्यासमोर म्हणायची माझी छाती नाही. बरं, आपण दोघंही त्या लेतेच्या बाईला विसरलो. तिचा मोठा मुलगा आता अठरा वर्षांचा झालाय असं धरा. तो मिशनवर जायचं म्हणतो. घरातला मिळवता हात दोन वर्षं जाणार.

शंकेखोर : आणि त्याला मनातून जायचं नसेल तर?

कैवारी : तर तुमचा प्रश्न यूटातून निघून तिच्या स्वयंपाकघरात आला. आता ती घेणारी नाही, देणारी आहे. त्याला नाही म्हणणं सोपं करायचं की नाही, हे सॉल्ट लेक सिटी ठरवणार नाही, ती ठरवेल.

शंकेखोर : ती ठरवेल, पण कशाच्या जोरावर? रविवारी व्यासपीठावरून तिचं नाव घेऊन सगळी मंडळी तिच्याकडे बघत असताना?

कैवारी : निनोंग-निनांगच्या अंगणात सगळा गाव तिच्याकडे बघत होता, तेव्हाही ती एकदा ठरवून बसलीच होती ना?